थोरल्याची उंची

सर्व सुज्ञ वाचकांस आणि माझ्या बालमित्रांस सविनय नमस्कार. प्रस्तुत लेखामध्ये मी माझा जन्म, माझी सेवा, देशोदेशी झालेला माझा सन्मान आणि त्या सन्मानाच्या पोटात दडलेला विश्वासघात यांचे यथाशक्ती कथन करणार आहे. कथन करणाऱ्याचे शिक्षण बेताचेच झालेले आहे. जे काही शब्दभांडार गाठीशी आहे, ते चित्रपटगृहाच्या अंधारात, खुर्च्यांच्या रांगांखालून ऐकून जमवलेले आहे. तरी चूकभूल पदरात घ्यावी.

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा.

बूट म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण मी जन्मापासून ऐकत आलो आहे आणि ती मला मान्यही आहे. डोक्यावर चढण्याची इच्छा मी कधीच धरली नव्हती. मला डोक्यावर चढवले ते माणसांनी, आणि तेथून खाली आपटले तेही माणसांनीच.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. तेथे माझ्या मालकांचे थोरले बंधू पादत्राणे शिवीत असत. मालक लहानपणी जिन्यावरून पडले होते. हाड जुळले, पण उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटे आखूड राहिला. बाजारचा कोणताही जोड घातला तरी ते वाऱ्यावरच्या झाडासारखे एका अंगाला झुकत. शेवटी बंधूंनी मनावर घेतले. त्यांनी मालकांना भिंतीशी उभे केले, डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि आखूड पायाखाली चामड्याचे तुकडे सरकवायला सुरुवात केली.

"दादा, नाकात पाणी चाललंय!"

"मग सरळ उभा राहा की."

"सरळ उभं राहता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

पाणी सांडत राहिले, तुकडे वाढत राहिले. एक क्षण असा आला की पेला डोक्यावर स्थिर राहिला. बंधूंनी ते तुकडे जसेच्या तसे उचलले, एका गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या चामड्यातून तेवढ्याच जाडीचे थर कापले आणि माझ्या तळाला एकावर एक बसवून आरीने शिवून टाकले. म्हणून मी माझ्या डाव्या भावापेक्षा चार बोटे उंच झालो. बंधूंनी आम्हा दोघांना बाकावर शेजारी ठेवले आणि हसून म्हणाले, "हा थोरला, तो धाकटा. दोघं मिळून एका माणसाला नीट चालवा रे."

त्या दिवशी मालक दुकानातून बाहेर पडले ते ताठ मानेने. लंगडणे थोडे उरलेच होते, पण झुकणे संपले होते. बंधू दारात उभे राहून त्यांचे पाय नव्हे, खांदे पाहत होते.

माझे मालक चित्रपटगृहात दारवान होते. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या जागेवर नेऊन बसवणे हे त्यांचे काम. सारे गाव त्यांना बॅटरीकाका म्हणे. त्यांना खरे नावही आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. अंधारात ते पुढे, प्रेक्षक मागे, आणि प्रत्येक वळणावर त्यांचे एकच वाक्य, "सावकाश, पायरी आहे." त्या पायऱ्यांवर मी आयुष्य झिजवले. झिजण्याचे दुःख बुटाला नसते, मित्रांनो. झिजणे हाच आमचा पगार होय.

दरवर्षी पुरस्कारांचा हंगाम आला की आमच्याकडे परदेशी चित्रपटांची रीघ लागे. कोणत्या देशाचा चित्रपट सन्मानित होणार, कोणती नटी पुरस्काराची बाहुली घेऊन जाणार, कोणाचा पत्ता कटणार, यावर मालक आणि त्यांची लेक यांच्यात जोरात पैजा चालत. लेक त्याच चित्रपटगृहात तिकीट खिडकीवर बसे. तिची जीभ बंधूंच्या चामडे कापायच्या रापीपेक्षा धारदार होती.

"बाबा, तुमचा म्हातारा नट पडणार यंदा. तो नुसता डोळे पुसतो."

"डोळ्यांकडे बघायचंच नाही बाळ. नट बघायचा तर त्याचे पाय बघावेत. तोंडानं सगळेच खोटं बोलतात."

हे वाक्य, वाचकहो, कृपया ध्यानात ठेवावे.

कालांतराने बंधू वारले. जिन्याखालचे दुकान बंद झाले. मालकांनी दुसरीकडे असाच जोड करून मागितला, पण कोणी थर कमी घातले, कोणी जास्त. पेला डोक्यावर ठेवण्याचा खटाटोप कोण करतो? तेव्हापासून मालक मला रोज रात्री स्वतः पुसून उशाशी ठेवू लागले. लेक चेष्टा करी, "देवघरात ठेवा ना त्याला." मालक म्हणत, "दादाचा हात आहे त्यात."

आणि मग ती परदेशी मंडळी आली.

त्यांना एका जुन्या चित्रपटगृहाच्या दारवानावर चित्रपट काढायचा होता, आणि त्यासाठी आमचे चित्रपटगृह त्यांनी पसंत केले. दारवानाच्या भूमिकेत एक विख्यात नट होता. त्यांना मी नटवर्य म्हणेन. ते सुस्वभावी वाटले. दिवसभर मालकांच्या मागे मागे फिरत, त्यांच्यासारखे पाऊल टाकून पाहत. त्यांची भाषा निराळी होती, मध्ये दुभाषी असे. आम्हा चामड्यांना मात्र सगळ्याच भाषा सारख्या कळतात, म्हणून मी सारे आपल्याच भाषेत लिहितो आहे.

पण पाऊल काही जमेना. नटवर्य लंगडत, तेव्हा ते लंगडतात हेच दिसे. खिडकीतून लेक म्हणाली, "हा तर पायाखाली झुरळ सापडल्यासारखा चालतोय." दुभाष्याने त्याचे भाषांतर केले नाही, पण हसणे सर्वांना कळले.

वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंनी आमची हुबेहूब नक्कल करून घेतली. तोच रंग, त्याच नाड्या, तेच चरे. परंतु माझा उंच तळ विजारीच्या काठाखाली झाकलेला असे, तो कोणी पाहिलाच नव्हता. नकलेचे दोन्ही पाय सारख्या उंचीचे झाले. नटवर्य त्यात अगदी राजपुत्रासारखे चालू लागले. चित्रीकरण थांबले. दिग्दर्शक डोके धरून बसले.

तेव्हा मालक म्हणाले, "माझेच घालून बघा बरं."

मित्रांनो, नटवर्यांचे दोन्ही पाय सारखे होते. अशा माणसाने मला पायात घातले की त्याला दुसरा इलाजच उरत नाही. उजवे अंग वर उचलले जाते, कंबर हेलकावते, आणि प्रत्येक पावलाला आपण पडणार की काय असे वाटून डोळ्यांत एक भीती येते. नटवर्य चार पावले चालले आणि दिग्दर्शक उठून उभे राहिले. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी आले. आखूड पायाला मी सरळ करीत होतो, सरळ पायांना मी लंगडे केले. अभिनय काय झाला तो इतकाच.

त्या संध्याकाळी नटवर्य मालकांच्या शेजारी पायरीवर बसले. महिनाभरासाठी आम्हा दोघांना मागितले.

लेक तिकिटे आवरता आवरता म्हणाली, "बाबा, नाही म्हणा. पाय काढून देताय तुम्ही."

"अगं, महिन्याचा तर प्रश्न आहे. तोवर तो जुना लाकडी टाचेचा जोड घालीन."

"त्यानं मागच्या वेळी कंबर धरली होती. विसरलात?"

नटवर्यांनी मालकांचा हात हातात घेतला. म्हणाले, "काका, मी स्वतःच्या हातानं परत आणून देईन. आणि या भूमिकेला पुरस्कार मिळाला, तर सगळ्या जगासमोर पहिलं नाव तुमचं घेईन." मग त्यांनी मालकांचे खरे नाव विचारले आणि ते नीट उच्चारता येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. मालक त्यांचा उच्चार सुधारत होते आणि लहान मुलासारखे लाजत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना जागेवर बसवणाऱ्या माणसाला आपलेही नाव कुणीतरी अंधारातून उजेडात नेऊन बसवावे असे वाटले, यात त्यांचे काय चुकले?

त्यांनी आम्हाला पुसले, नाड्या बांधल्या आणि दिले.

चित्रीकरण आटोपले. बाईंनी आम्हाला खोक्यात नीट भरले. त्या बाई भल्या होत्या. नटवर्यांना म्हणाल्या, "साहेब, हे जोडे परत पाठवायचे आहेत. काका वाट बघत असतील."

"पाठवू की. जरा हंगाम संपू दे."

कारण चित्रपट गाजू लागला होता. या देशात दाखवला, त्या देशात दाखवला, सगळीकडे एकच बोलबाला, काय ते चालणे! मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली की नटवर्यांनी प्रत्येक समारंभाला भारी पोशाखाखाली हेच जुने बूट घालावेत. झाले. गालिच्यावर पाऊल पडले की शेकडो कॅमेरे खाली वळत. एरवी जे लोक पायाखाली काय आहे हे पाहत नाहीत, ते माझ्यासमोर गुडघे टेकून छायाचित्रे काढू लागले. मला मात्र एकच गोष्ट ऐकायची होती. मी कान टवकारून होतो.

पहिल्या मुलाखतीत नटवर्य म्हणाले, "एका दारवानानं मला हे बूट दिले. मोठा माणूस." माझा तळ आनंदाने भरून आला. नाव नाही तर नाही, ते व्यासपीठासाठी राखून ठेवले असेल.

पुढच्या देशात दारवानाचा 'एक म्हातारा' झाला. त्यापुढच्या देशात म्हातारा नाहीसा होऊन जुना बाजार आला. "सकाळी सकाळी हिंडत होतो, एका ढिगात हे बूट दिसले, आणि मला माझी भूमिका सापडली." ऐकणारे टाळ्या वाजवीत. टाळी वाजली की माणूस ती गोष्ट पुन्हा सांगतो, हे मी चित्रपटगृहात पाहिलेच होते. शेवटी तर खडा आला! "लंगडणं खरं वाटावं म्हणून मी कित्येक महिने बुटात खडा ठेवून चालत होतो."

खडा! वाचकहो, माझ्या पोटात खडा असता तर मला कळले नसते काय?

"ऐकलंस?" मी धाकट्याला म्हणालो.

"जाऊ दे रे," धाकटा म्हणाला. "गालिचा किती मऊ आहे बघ."

त्याचे तरी काय चुकले? त्याच्या तळाला बंधूंचे थर नव्हते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

बाईंनी पुन्हा आठवण केली. पुन्हा तेच उत्तर, "हंगाम संपू दे."

आणि तो मोठा समारंभ आला. सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून नटवर्यांचे नाव पुकारले गेले. मी स्वतः त्यांना व्यासपीठाच्या पायऱ्या चढवल्या. सवयीने मनात म्हणालो, सावकाश, पायरी आहे. समोर हजारो माणसे उभी होती. मी मनातल्या मनात मालकांचे नाव म्हणू लागलो, जणू काही नटवर्यांना आठवण करून देत होतो.

नटवर्यांनी आईचे आभार मानले. दिग्दर्शकांचे मानले. केस कापणाऱ्याचे मानले. घरी झोपलेल्या आपल्या कुत्र्याचे नाव घेऊन मानले. लोक हसले. मग त्यांनी एक पाय पुढे केला, मला सर्वांना दाखवले, आणि खड्याची गोष्ट सांगितली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की व्यासपीठाच्या फळ्या थरथरल्या.

तोंडाने सगळेच खोटे बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी पायानेही बोलून घेतले, आणि तो पाय मी होतो. माझ्या मालकांच्या विरुद्ध साक्ष द्यायला त्यांनी मलाच उभे केले. असा घाव चामड्यालासुद्धा लागतो.

हंगाम संपला. बाई दुसऱ्या कामावर निघून गेल्या. आम्हाला मात्र कोणी घरी पाठवले नाही. गाजलेल्या चित्रपटांच्या वस्तूंचे एक फिरते प्रदर्शन निघणार होते, चित्रपट काढणाऱ्या कंपनीने आम्हाला त्यात देऊन टाकले. जे आपले नव्हतेच ते देण्याचे औदार्य जगात फार आढळते.

प्रदर्शनाचे व्यवस्थापक अत्यंत टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला काचेच्या पेटीत ठेवले, चार पावले मागे गेले आणि भुवया आक्रसल्या.

"हा जोड विजोड दिसतोय. एक वर, एक खाली."

मदतनीस म्हणाला, "शिवणाऱ्याची चूक असेल, साहेब."

"मग दुरुस्त करून घ्या. पुरस्कार मिळालेली वस्तू आहे, वेडीवाकडी कशी ठेवायची?"

मला एका कारागिराकडे नेले. त्याने सांगितलेले काम केले, त्याला दोष नाही. रापी घालून त्याने माझ्या तळाचा एकेक थर सोलला. गिरणीच्या पट्ट्याचा तो पहिला थर, तो दुसरा, तो शेवटचा, ज्याच्याइतक्या उंचीला पेल्यातले पाणी सांडायचे थांबले होते. सगळे जमिनीवर पडले आणि झाडूने गोळा झाले. मग मला नवी टाच बसवली, चकचकीत रंग दिला, आणि धाकट्याच्या शेजारी ठेवले. आम्ही दोघे आता तंतोतंत सारखे झालो होतो.

"शोभतोस की!" धाकटा म्हणाला.

मी त्याच्याशी त्या दिवसापासून बोललेलो नाही.

हिंडत हिंडत ते प्रदर्शन माझ्याच गावी आले. दालनात प्रकाश मंद ठेवलेला होता. एके दुपारी मला तो आवाज ऐकू आला. एक पाऊल, मग काठी, मग फरपटलेले पाऊल. मी तो पाय हजारांत ओळखला असता. मालक वाळले होते. लाकडी टाचेच्या जोड्याने त्यांना पार एका अंगाला वाकवले होते. दंडाला लेकीने धरले होते. दुसऱ्या हातात काठी होती आणि सदऱ्याच्या खिशात बॅटरी.

"बाबा, हे बघा. हेच ते."

मालकांनी काचेला नाक लावले. किती तरी वेळ पाहिले. मग मान हलवली. "नाही गं. हा माझा थोरला नाही."

"अहो, नीट बघा. चरे बघा की."

"चरे तसेच आहेत. पण माझा थोरला उंच होता. हे कुणा दोन सरळ पायांच्या माणसाचे आहेत."

मित्रांनो, मी बूट आहे, मला ओरडता येत नाही. तेव्हा जितके ओरडावेसे वाटले तितके कधीच वाटले नव्हते.

लेकीने पाटी वाचली. अभिनेत्याने जुन्या बाजारातून शोधून काढलेले बूट, असे तीवर होते. ती उसळलीच. व्यवस्थापक लगबगीने आले.

"ताई, काचेला हात लावू नका."

"जुना बाजार म्हणे! आमच्या दारात बसून मागून नेलेत हे. पुरस्काराच्या दिवशी बाबांनी अख्खी आळी गोळा केली होती टीव्हीसमोर. म्हणत होते, आता माझं नाव घेईल बघा, आता घेईल. कुत्र्याचं घेतलं हो त्यानं! लोक खाली माना घालून उठून गेले, आणि बाबा म्हणतात, वेळ कमी पडला असेल त्याला."

"मला त्यातलं काही ठाऊक नाही," व्यवस्थापक गोंधळून म्हणाले. मग समजूत घालावी म्हणून पुढे म्हणाले, "आम्ही मात्र जिवापाड सांभाळलेत हो. उजव्याचा तळ फार जाड होता, विजोड दिसत होता. तो छाटून आम्हीच सारखा करून घेतला."

मालक हळूच वळले. सगळे त्यांच्या ध्यानात आले होते. मला वाटले, आता ते काठी उगारतील, काच फोडतील. मी तशी प्रार्थनाच करीत होतो. पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"ते छाटलेले तुकडे ठेवलेत का हो?"

"तुकडे?"

"चामड्याचे. माझ्या दादाच्या हातचे होते."

"काका, कचरा कोण ठेवतं?"

मालक पुन्हा काचेकडे वळले. त्यांनी खिशातून बॅटरी काढली, पेटवली आणि काचेतून उजेड माझ्यावर धरला. आधी नाड्यांवर, मग चऱ्यांवर, मग खाली, जिथे माझी उंची होती तिथे. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला जागा दाखवावी तसा तो उजेड तेथे थोडा वेळ थांबला. मग विझला.

"घेऊन जाऊ या बाबा. भांडते मी यांच्याशी."

"नेऊन करायचं काय बाळ? आता तो माझ्या पायाचा राहिला नाही. चल."

लेकीने डोळे पुसले. त्यांच्या हातातली बॅटरी तिने घेतली आणि दालनाच्या दाराशी उजेड धरला. तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली,

"सावकाश बाबा. पायरी आहे."

मित्रांनो, मी आजही त्या काचेत आहे. रोज मला पुसतात. धूळ नाही, चिखल नाही, ऊन नाही, आणि पायही नाही. लोक येतात, खड्याची गोष्ट वाचतात, वाहवा करून निघून जातात. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी नट होईल, कोणी नटी होईल, कोणाला हंगामात बाहुलीही मिळेल. माझे एवढेच मागणे आहे. कोणाची वस्तू मागून आणलीत तर ती वेळेवर परत करा, आणि जशी आणली तशीच परत करा. तुम्हाला जी वाकडी दिसते, तिच्यावर कोणी तरी सरळ उभे असते. आणि कोणाला त्याचे नाव घेईन असा शब्द दिला असेल, तर टाळ्या सुरू होण्याआधी ते नाव घ्या. टाळ्या सुरू झाल्यावर ते आठवत नाही, हे मी प्रत्यक्ष व्यासपीठावर उभा राहून पाहिले आहे.

एका सामान्य पादत्राणाचे हे लांबलेले कथन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. आभार कोणाचे मानायचे राहिले असतील, तर ज्यांनी भावाच्या डोक्यावर पेला ठेवून मला उंची दिली त्यांचे, आणि ज्यांनी ती उंची विश्वासाने दुसऱ्याच्या पायात घातली त्यांचे.

आपला नम्र,
थोरला